दरबारातला पाठमोरा

आसावरी वहिनीने मला एवढंच काम सांगितलं होतं. दादाच्या खोलीतलं ते चित्र उतरव आणि घेऊन जा. अमेरिकेत, शॉमबर्गला दुपार होती, पण बाहेर बर्फ पडत होता आणि घरात दिवेलागणीसारखा उजेड होता.

"वहिनी, एका बाजूने धर ना. जड आहे."

"नको. तूच ने." उजवा दंड डाव्या हाताने दाबून ती स्वयंपाकघरातच उभी राहिली.

निमिषदादाने ते चित्र गराज सेलमध्ये घेतलं होतं. तुर्कस्तानच्या सुलतानाचा दरबार. मधोमध युरोपातला राजदूत, आपल्याकडे पाठ करून, आणि त्याचे दोन्ही दंड धरून दोन पहारेकरी. मी विचारलं होतं, याला अटक केलीय का?

दादा हसला होता. "नाही रे येड्या. पाहुण्याला असंच आत न्यायचे. अंगरख्यात खंजीर असला तर?"

मागच्या महिन्यात हायवेवर दादाची गाडी घसरली आणि दादा गेला. शवपेटी शेवटपर्यंत बंदच ठेवली. मला त्याचा चेहराही दिसला नाही.

खोलीत त्याच्या आफ्टरशेव्हचा वास तसाच होता. मी चित्राला हात घातला आणि थांबलो. राजदूताचा डावा खांदा उतरलेला होता. लॅपटॉपच्या बॅगेने दादाचा उतरला होता, अगदी तसा. आणि उजवीकडच्या पहारेकऱ्याने त्याचा दंड सोडून दिला होता.

दारात केया आली. दादाची मुलगी. "काका," ती कुजबुजली, "डोन्ट कॉल हिम. मम्मा डिड."

मला कुठला धीर निघतोय! "दादा... वळ ना रे. एकदाच."

काहीच झालं नाही. बाहेर शेजाऱ्याच्या बर्फ ओढणाऱ्या फावड्याचा आवाज थांबला. ओल्या लोकरीचा वास आला. मग माझा डावा दंड कोणीतरी धरला. गार, पाचही बोटांनी. मागे कोणी नव्हतं.

"कुश..." वहिनी दाराशी आली होती. "हाक मारलीस?"

मी चित्राकडे बघत होतो. आता दोन्ही पहारेकऱ्यांचे हात रिकामे होते. राजदूत मोकळा झाला होता. त्याला वळता आलं असतं.

वळू नको, मी मनात म्हणालो. दादा, वळू नको.

त्याचा एक हात अंगरख्याच्या आत गेला होता.