दहा अँपिअरचा लाल फ्यूज

ही घटना घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय, आणि बाकीचा माझ्या आत्याने मला समोर बसवून सांगितलाय. आत्या थापा मारणारी बाई नाही. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. एकदा आलेल्या उत्तरावर विश्वास न ठेवता तीनदा तपासणारी.

आणि यात रात्र नाही, अंधार नाही.

जे झालं ते रविवारी झालं, दुपारी चारच्या लख्ख उन्हात, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, सव्वीस वर्षं एकच गाडी चालवत होते. क्रीम रंगाची, चार दारांची. आत्या तिला 'सवत' म्हणायची.

सगळे हसायचे.

आत्या हसायची नाही.

रविवार उजाडला की आतोबा गॅरेजमध्ये. बॉनेट उघडलेलं आणि हे कमरेपर्यंत आत. आत्या नटूनथटून समोर उभी राहिली तरी "जरा तो दहाचा पाना दे गं" एवढंच. एकदा लॅबच्या समारंभात मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत तिचं कौतुक केलं. फोटो काढताना मुद्दाम शेजारी बोलावलं. घरी येताना आत्या वाट बघत होती. हे काहीतरी बोलतील. चिडतील. निदान तोंड तरी वाकडं करतील.

आतोबा म्हणाले, "मागच्या चाकाचा आवाज येतोय, ऐकलास?"

"अठ्ठावीस वर्षांत या माणसाला माझ्यावरून एकदाही जळावंसं वाटलं नाही," ती माझ्या बाबांना म्हणाली होती. "आणि मी मात्र त्या पत्र्याच्या डब्यावर जळत बसले."

मग आतोबा गेले. ऑफिसात, बसल्या जागी.

आत्याने गाडी विकली नाही. "घरात ठेवलीच आहे तर राबवून तरी घेते तिला," म्हणाली. पन्नाशीत चालवायला शिकली आणि रोज गाडीनेच लॅबला जाऊ लागली. आठ महिने गाडीने एक शब्द काढला नाही.

नवव्या महिन्यात आतला दिवा गेला.

त्याच्याबरोबर रेडिओ आणि डॅशबोर्डवरचं घड्याळही. आत्याने आतोबांच्या एका मित्राला फोन केला. हा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. शांत, विनोदी, बायको जाऊन सात-आठ वर्षं झालेली. तो आत्याला वहिनी म्हणायचा, आत्या त्याला भावोजी.

त्याने स्टीअरिंगखालचं झाकण काढून एक छोटासा लाल तुकडा बाहेर ओढला. आतली तार तुटलेली.

"फ्यूज गेलाय, वहिनी. दहा अँपिअरचा. तिन्ही गोष्टी याच एकावर चालतात."

"मग जरा जाडा घाला. परत जायला नको."

"असं कधीच करायचं नाही. फ्यूज मरतो म्हणून वायर वाचते. जाडा घातलात तर वायर जळेल, मग गाडी."

नवा फ्यूज बसला. दिवा लागला. घड्याळ लावून दिलं. मग दोघं गॅरेजच्या पायरीवर चहा घेत बसले. त्याने आपल्या विसरभोळ्या गिऱ्हाइकाचा काहीतरी किस्सा सांगितला आणि आत्या खळखळून हसली. किती महिन्यांनी...

टक्.

बारीकसा आवाज. गाडीतून.

दिवा विझला होता. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं.

पुढच्या रविवारी तेच. नवा फ्यूज, चहा, गप्पा. आणि ऐन हसण्यात... टक्.

तिसऱ्या रविवारी भावोजी हट्टालाच पेटला. सोबत एक टेस्टचा दिवा आणला होता. साधा बल्ब आणि त्याला दोन वायरी. फ्यूज काढून त्याच्या खाचांत त्याने ती टोकं अडकवली.

"आता एकेक गोष्ट काढत जायची," तो म्हणाला. "जी काढल्यावर हा दिवा विझेल, ती चोर."

आत्याला हे एकदम पटलं. लॅबमध्ये तीही हेच करायची.

रेडिओची वायर काढली. टेस्टचा दिवा पेटलेलाच.

घड्याळ काढलं. पेटलेलाच.

छतातला बल्ब काढला. पेटलेलाच.

"आता काही उरलंच नाही की हो," भावोजी डोकं खाजवत म्हणाला. "करंट जातोय तरी कुठे?"

आत्या त्या दिव्याकडे बघत होती. भावोजी तिच्या अगदी शेजारी उभा होता, खांद्याला खांदा लागेल इतका. तो बोलायला तिच्याकडे वळला की दिवा प्रखर व्हायचा. मान फिरवली की मंद...



अजून एक गोष्ट काढून बघायची राहिली होती.

"भावोजी, जरा फाटकापर्यंत जाऊन या."

"आत्ता? कशाला?"

"जा तर खरं."

तो गेला. दहा पावलं. पंधरा.

दिवा विझला.

"या आता."

तो दारात आला. दिवा मिणमिणला. जवळ आला. लखलखला.

आत्याने त्याला पाच वेळा फाटकापर्यंत पाठवलं. पाचही वेळा तेच. वहीत लिहून ठेवलंय तिने, मी पाहिलंय. भावोजीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जमिनीचा हादरा असेल, वहिनी. वायर कुठेतरी घासत असेल," तो म्हणाला. पण त्याचाच त्यावर विश्वास नव्हता.

आणि आत्या?

इथे मला थोडं थांबावं लागतं. कारण हे सांगतानाही आत्याचे डोळे चमकत होते.

ती घाबरली नाही.

तिला आनंद झाला.

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आता कुठे पदरात पडलं होतं. तिचा नवरा जळत होता. तिच्यावरून!

दुसरी कोणी असती तर त्याच दिवशी भावोजीला नमस्कार करून मोकळी झाली असती. आत्याने उलटं केलं. पुढच्या रविवारी त्याला आग्रहाने बोलावलं. केस नीट बांधले, ठेवणीतलं अत्तर लावलं. उगाचच हसली, उगाचच त्याच्या हाताला हात लावला. आणि प्रत्येक वेळी तिरक्या डोळ्याने बघत राहिली... गाडीकडे.

भावोजीने मात्र अंगाला लावून घेतलं नाही. गुडघ्यावर बसून त्याने हात डॅशबोर्डखाली घातला. "बॅटरीची वायर काढलीय मी. आज सोक्षमोक्षच लावतो."

"सावकाश हं," आत्या म्हणाली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

टेस्टचा दिवा पेटला.

बॅटरीची वायर सुटी होती... तरी पेटला. पांढरा झाला. आणि फुटला.

भावोजी किंचाळला. हात ओढू लागला, पण हात निघेना. आतून कोणीतरी धरून ठेवावा तसा. जळक्या रबराचा वास सुटला. आत्या ओरडली, "अहो, सोडा! सोडा त्यांना!"

तेव्हा सुटला.

मनगटाभोवती भाजलं होतं. वायर चिकटली असती तर एक रेघ उठली असती. इथे चार रुंद पट्टे होते, शेजारीशेजारी. आणि आतल्या बाजूला एक, आडवा.

तो हात छातीशी धरून पायरीवर बसला. आत्याने पाणी आणलं नाही, मलम आणलं नाही. तिने फक्त विचारलं, "बघितलंत?"

भावोजीने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उठून गेला. हत्यारांची पेटीही नेली नाही. मी नंतर त्याला भेटले. आधी त्याने बाही ओढून मनगट झाकलं. मग म्हणाला, "गाडीची नाही गं भीती वाटली मला. वहिनी हसत होत्या."

त्यानंतर गाडीत पुन्हा बिघाड झाला नाही. निदान आत्या एकटी असेपर्यंत. लॅबमधला सहकारी बसला, हॉर्न अडकून वाजत राहिला. शेजारच्या काकांना बाजारापर्यंत सोडायला घेतलं, गाडी चौकात बंद. हळूहळू लोकांनी तिच्या गाडीत बसणं सोडलं. मग तिच्या घरी जाणंही.

गेल्या महिन्यात बाबा आणि मी तिला आमच्याकडे आणायला गेलो. भर दुपारची वेळ. घराला कुलूप होतं. गॅरेजचं दार मात्र उघडं.

आत्या गाडीत बसली होती. चालकाच्या सीटवर नाही, शेजारच्या. सगळ्या काचा बंद. चालकाची सीट रिकामी, आणि आत्या तिकडे वळून काहीतरी सांगत होती, हळू आवाजात.

बाबांनी टकटक केलं. तिने हँडल फिरवून काच चार बोटं खाली घेतली.

"दादा, तू जरा लांब उभा राहा ना."

"अगं, चल आमच्याकडे. चार दिवस राहा. अशी एकटी किती दिवस..."

"त्यांना चालत नाही रे."

"कोणाला?" बाबांचा आवाज चढला. "वेडी आहेस का? मी भाऊ आहे तुझा!"

"सांगितलं मी त्यांना." आत्या लाजली. खरंच लाजली, लग्नाला आठ दिवस झालेल्या मुलीसारखी. "ऐकतच नाहीत. तू जा. हिलाही घेऊन जा."

आणि काच वर जायला लागली.

जुनी गाडी ती. बटणावरची काच नाही, हँडल फिरवावं लागतं. मी तिच्या हातांकडेच बघत होते.

दोन्ही हात मांडीवर होते. एकात एक गुंफलेले.

हँडल फिरत होतं... सावकाश.

बाबांनी माझं मनगट पकडलं आणि आम्ही फाटकाबाहेर आलो. आजही बाबा तो विषय काढू देत नाहीत.

आत्या रोज कामावर जाते. लॅबमधले सांगतात, तब्येत उत्तम आहे, चेहऱ्यावर तेज आलंय, कधी नव्हे ते गाणं गुणगुणते. मी दर रविवारी फोन करते. ती दोन मिनिटं बोलते आणि मग कुजबुजते, "ठेवते गं आता..."

ती सुखात आहे.

मला भीती वाटते ती त्याचीच.