वारा भरपूर, माणूस एक

दार उघडलं तर समोर एक उंच माणूस. काखेत तीन पांढरी पाती, खांद्यावर दोर, वाऱ्याने पिंजारलेले केस.

"पवनचक्की बसवायला आलोय. पाच माणसांचं घर हेच ना?"

"होतं. चौघं गेली."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अरेरे... कधी?"

"अहो, बदलीच्या गावी गेली! दादा, वहिनी, भाची आणि आई. सगळी ठणठणीत आहेत."

कितीतरी दिवसांनी त्या घरात मी मोठ्याने हसले. माझाच आवाज मला परका वाटला.

सरकारने पर्यायी ऊर्जेसाठी बक्षीस-स्पर्धा काढली होती. आपलं यंत्र एखाद्या साध्या घरात हंगामभर चालवून दाखवायचं. घर त्यातली जितकी वीज वापरेल तितके गुण. दादाने हौसेने आमचं घर देऊ केलं, आणि मग त्याची बदली झाली. या बिचाऱ्याने पवनचक्कीपायी चांगली नोकरी सोडलेली. आणि नशिबी कोण आलं? ग्रंथालयातून दमून येऊन, एकाच खोलीत एकच दिवा लावून बसणारी मी.

पहिल्याच रविवारी मीटर बघून त्याने कपाळाला हात लावला. "तुम्ही अंधारात राहता का?"

"घर पाठ आहे मला."

"बॅटरी काठोकाठ भरलीय. वारा फुकट राबतोय हो!"

"मग काय करू? पाचजणांचं सोंग आणू?"

तो हसला. पण माझ्या मनाला लागलं. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. दादाच्या खोलीत गुंडाळलेली गादी, भाचीच्या भिंतीवर उंची मोजल्याच्या रेघा... उजेडात रिकाम्या खोल्या जास्तच रिकाम्या दिसतात. शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला जेवायला हाका मारत होतं, आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले.

पुढच्या रविवारी त्याने आधी मीटर पाहिलं, मग माझे डोळे.

"असे दिवे नका लावू. असले गुण नकोत मला."

त्यानंतर तो आला तो कपड्यांचं गाठोडं घेऊन. "इथे इस्त्री केली तर चालेल?" मग बिघडलेला रेडिओ आला, मग मित्राचा मिक्सर. रविवारच्या जोडीला बुधवारही आला.

"एकाच शर्टाला किती वेळा इस्त्री?"

"कॉलर ऐकत नाही."

"मालकावर गेलीय."

तो मान खाली घालून हसायचा, आणि इस्त्री तिथेच थबकायची... "जळेल!" मी ओरडायचे.

एक काटा मात्र सलत होता. आला की मीटर, निघाला की मीटर. वारा पडला की स्वारी फिरकायचीच नाही. अशा संध्याकाळी मी चहा उगाच दोन कप टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. मला कळत होतं, माझा जीव जडला होता. आणि तो येत होता युनिटसाठी. हंगाम संपला की तेही संपणार.

हंगाम संपला. सरकारी परीक्षक बाई आल्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ही सगळी वीज घरच्यांनीच वापरली ना? बाहेरच्याचा वापर गुणांतून वजा होतो."

मी पटकन "हो" म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "नाही. इस्त्री माझी, रेडिओ माझा. येताना-जाताना मीटर बघून माझा वापर वेगळा काढलाय. तो वजा करा."

वजा केल्यावर उरलं काय? माझा एक दिवा. बाईंनी ओठ मुडपले. "मग अवघड आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"हा नियम तुम्हाला ठाऊक होता?" माझा आवाज चढला.

"पहिल्या दिवसापासून."

"मग इस्त्री कशाला आणलीत? गाठोडं उचलून इथपर्यंत, एकाही गुणाचा फायदा नसताना?"

"यायला काहीतरी निमित्त हवं होतं. वारा नसला की तेही नसायचं... घरीच बसायचो, तडफडत."

"आणि बक्षीस?"

"गेलं. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू? नोकरी शोधावी लागेल." त्याने गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता ना स्पर्धा, ना मीटर. यायला काही कारणच उरलं नाही. म्हणून विचारतो — येत जाऊ का?"

गच्चीवर पाती भिरभिरत होती.

"या," मी म्हणाले. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल असं वाटून जवळ गेले, आणि पुन्हा म्हणाले, "रोज या."