दिवस मावळायच्या आत

मी प्रयोगशाळेतून बाहेर पडत होते, तो आत येत होता… आणि मध्ये चिपाडाचं पोतं! पोतं फुटलं आणि माझ्या केसांत, ओढणीवर, चष्म्यावर नुसता उसाचा भुसा.

“अवो, हलू नका… माझं सँपल हाय ते!” असं म्हणत तो माझ्या खांद्यावरचं चिपाड चिमटीनं उचलून पिशवीत टाकू लागला. मी रागावणार होते, पण हसूच आलं.

हा मुरगूडचा जोतीराम, आमच्याकडे पीएचडीला नवा आलेला. मी आदिती, त्याच्याहून वर्षभर सीनियर. चिपाडाचाच कोळसा करायचा, त्यावर आम्ल चढवायचं आणि त्या कोळशाच्या मदतीनं चिपाडातल्या साखरेचं फरफ्युराल नावाचं रसायन करायचं, ही त्याची कल्पना. फरफ्युरालपासून पुढं रेझिन होतात, औषधं होतात. कोळसा धुऊन पुन्हा वापरता येतो, आम्ल गटारात जात नाही. कारखान्यात जे सरळ जाळतात, त्यात याला एवढं सगळं दिसायचं! रिअॅक्टर उघडला की बदामासारखा वास यायचा आणि हा गडी सण असल्यासारखा खुलायचा. मी त्याच्याकडेच बघत राहायचे.

रिअॅक्टर तापवून, नमुने काढून, गार होईपर्यंत बराच वेळ जायचा आणि त्या कामाला दोघं लागायची, म्हणून मी मदतीला थांबायचे. पहिल्याच दिवशी त्यात अंधार पडला. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. संध्याकाळचा डबा मी न उघडताच पिशवीत ठेवला. तो बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो पहिल्या एसटीनं यायला लागला. मी पोचेपर्यंत रिअॅक्टर तापलेला असायचा. मला वाटलं, फारच कामसू दिसतोय.

मग घरी सांगलीचं स्थळ आलं. रविवारी मुलगा मला बघायला येणार होता. साडी घ्यायला म्हणून शुक्रवारी सुट्टी टाकली, पण दुकानात जीव रमेना. सोबत आलेल्या थोरल्या बहिणीला, आक्काला तिथंच सोडलं आणि भर दुपारी प्रयोगशाळा गाठली. जोतीराम तेव्हा कुठं रिअॅक्टर भरत होता.

“आज एवढ्या उशिरा?”

“तुमी न्हवता की आज…”

“मग?”

“तुमचं जेवण दिवस मावळायच्या आत असतंय न्हवं…” तो नळाकडे बघत म्हणाला. “म्हणून रोज लवकर लावत हुतो.”

एवढे दिवस! थंडीत, अंधारात उठून… आणि एका शब्दानं सांगितलं नाही. माझं प्रेम बसलं होतंच, आता मला ते लपवायचंही नव्हतं.

“जोतीराम, मला तू आवडतोस.”

त्याच्या हातातला पाना खाली पडला. “मला तर… त्या पोत्यापास्नं…”

“मग रविवारी सांगलीकर कशाला?” म्हणत मी तिथूनच वडिलांना फोन लावला. “आण्णा, सांगलीकरांना नको म्हणून सांगा. मला एक मुलगा आवडलाय. मुरगूडचा आहे. आपल्यातला नाही.”

आण्णांनी एकच विचारलं,

“तुझी काळजी घेतो का?”

“हो, आण्णा.”

“सांगलीकरांस्नी मी बघतो. त्याला घिऊन ये रविवारी. पर मी लगेच व्हय म्हणीन, असं समजू नगोस.”

जोतीराम रडवेला होऊन माझ्या तोंडाकडे बघत होता. “काय… काय म्हणालं?”

“नाही म्हणाले नाहीत!”