तीन नंबरच्या खोलीतलं उत्तर

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या हातून घडलेली आहे.

शनिवार होता. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन. असल्या गोष्टींची ती वेळच नव्हती.

जागा म्हणजे एक कोल्ड स्टोरेज. खाली फळं ठेवायच्या पाच गार खोल्या, वर ऑफिस. छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. तिथल्या मॅनेजरबाईंनी बोलावलं होतं.

"नेट सारखं जातंय हो. कसल्यातरी नंबराचा मेसेज येतो."

मेसेज ओळखीचा होता. हा आयपी अ‍ॅड्रेस दुसरं मशीन वापरत आहे.

किरकोळ काम. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा नंबर लागतो, घरनंबरासारखा. दोघांना एकच दिला की निरोप चुकतात. एकाचं बोलणं कुठेच पोचत नाही.

नंबराच्या शेवटी वीस होतं. मी एकवीस केलं.

नेट लागलं. मिनिटभर...

पुन्हा तोच मेसेज.

पन्नास दिला. तोही वापरात.

दोनशे सात दिला. एवढा आडनिडा नंबर कोण घेणार?

...घेतला होता.

"बाई, इथे कॉम्प्युटर किती आहेत?"

"हा एकच. बाकीचे कधीच नव्या ऑफिसात गेले."

मग मी वीसला हाक मारून पाहिली. तशी सोय असते. त्या नंबरावर मशीन असेल तर ते उत्तर देतं.

उत्तर आलं.

मी मागची वायर उपटली.

उत्तरं येतच राहिली... एकामागून एक.

आणि खालून आवाज आला. धप्प. जाड दारावर तळहात मारावा तसा.

"खाली कोण आहे?"

"कुणी नाही. खोल्या रिकाम्या आहेत. तीन नंबरला तर मीच कुलूप घातलंय, मुकादम गेल्यापासून."

मुकादमांना मी ओळखायचो. मला 'डॉक्टर' म्हणायचे, कॉम्प्युटरची नाडी बघतो म्हणून. ते गेल्याचं कळलं होतं. मला वाटलं, हार्ट अ‍ॅटॅक असेल.

बाई खुर्चीत बसल्या.

"तीन नंबरमध्ये अडकले ते. शनिवारच होता. आतली कडी तुटली. फोनला रेंज नाही. आत तापमान नोंदवायचा एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावरून ऑफिसला मेसेज टाकत बसले. सोमवारी दार उघडलं तेव्हा त्या कॉम्प्युटरवर बघितले. अठ्ठावीस मेसेज. इथे एकही आला नाही हो. मी सातपर्यंत इथेच होते. याच खुर्चीत, याच कॉम्प्युटरसमोर."

मी समोरच्या कॉम्प्युटरकडे बघितलं.

"हा त्याच दिवशी आणलेला. नंबर नाही का तुम्हीच सांगितलात फोनवर?"

हो. मीच.

बहिणीकडे जेवायला बसलो होतो. तोंडात घास होता. म्हणालो, "शेवटी वीस टाका, चालतंय."

वीस आधीच कुणाचा आहे ते बघितलंच नव्हतं. तीन नंबरमधल्या त्या जुन्या कॉम्प्युटरचा होता.

"तुमचं तोंड का उतरलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

खालून पुन्हा... धप्प.

पिशवी तिथेच टाकून मी जिना उतरलो. तीन नंबरच्या दारासमोरून जाताना मान वर केली नाही.

चार दिवसांनी मुकादमांच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. वहिनींनी पाणी दिलं.

"बरं झालं आलात, डॉक्टर. हे नेहमी तुमचं नाव काढायचे. लेकीचा लॅपटॉप बघा ना जरा. नेटच लागत नाही."

उघडला.

तोच मेसेज.

"दुसरं मशीन म्हणतंय," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे तर दुसरं काहीच नाही. मग कोण वापरतंय हो?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"जुना झालाय," मी म्हणालो. "नवा घ्या."

आठवड्याने वहिनींचा फोन आला. नवा घेतला होता. त्यावरही तेच येत होतं. "एकदा येऊन जाता का?"

बघतो म्हणालो.

याला तीन महिने झाले. त्या अजून फोन करतात. आज सकाळपासून चार वेळा आला...

मी उचललेला नाही.