मुरलेली वायर

बँकेतून रिटायर झाला तरी गल्ली त्याला कॅशियरच म्हणायची, कारण त्याचा संशय काही रिटायर झाला नव्हता. टोमॅटोसुद्धा उजेडाकडे धरून बघायचा, न जाणो खोटा निघाला तर! असा माणूस एका दुपारी स्पीकरची वायर घ्यायला बाहेर पडला. कीव त्याची करायची की दुकानदाराची, ते तुम्ही ठरवा.

झालं होतं असं. बायको गेली आणि तिच्या आवाजाची एकच कॅसेट मागे राहिली. स्वयंपाकघरात गुणगुणताना त्यानेच चोरून रेकॉर्ड केलेली. गाणं संपतं, ती वळते आणि त्याला काहीतरी म्हणते. नेमकं तेच ऐकू येत नाही. डब्यात भुंगा कोंडावा तशी स्पीकरमधून घूंऽऽ येते. टेप झिजत चालली होती. पार पुसली जायच्या आत ते एक वाक्य त्याला हवं होतं.

"म्हणजे तू तिथेच उभा होतास, तरी तुला माहीत नाही वहिनी काय म्हणाली ते?" धाकट्या बहिणीने विचारलं.

"लक्ष मशीनकडे होतं."

"जन्मभर ऐकलं नाहीस, दादा. आता वायर बदलून काय होणार?"

दुकानदाराने जुनी वायर दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरावी तशी. "ही दाराच्या घंटीची आहे, साहेब. हिच्यातून माणूस कसा गाईल? आणि अ‍ॅम्प्लिफायर लावलाय कुठे?"

"फ्रिजच्या बोर्डावर."

"मग फ्रिजच ऐकू येणार. वेगळा पॉइंट घ्या, अर्थिंग तपासा, हा फिल्टरवाला बोर्ड लावा. आणि विजेची वायर स्पीकरच्या वायरीला चिकटू देऊ नका."

कॅशियरने मान डोलावली. म्हणजे एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

दुकानदाराने जाड तांब्याची वायर काढली. "फक्त हिला वेळ द्या. नवी वायर लगेच खुलत नाही. रोज वाजवून मुरवावी लागते."

"इतका वेळ माझ्या टेपकडे नाही. मुरलेली द्या."

दुकानदाराने एकदा दाराकडे पाहिलं. शेवटी खालच्या फळीवरून एक वेटोळं काढलं. "एक आहे... एका आजोबांची. एकटेच राहायचे, दिवसभर ऐकत बसायचे. खुर्चीतच गेले. घरच्यांनी परत आणून दिली."

"काही बिघाड?"

"छे. म्हणाले, आवाज फार स्वच्छ येतो."

कॅशियरने नखाने तांबं खरवडून पाहिलं. अस्सल होतं. फसवणूक सापडेना, म्हणून त्याला जास्तच संशय आला. तरी घेतली.

घरी नवा बोर्ड लावला. लाल टोकाला लाल, काळ्याला काळं. कॅसेट घातली. घूं गायब! खोलीत अशी शांतता पसरली, की ती कोणीतरी दाबून धरल्यासारखी वाटावी. मग बायको गुणगुणली. भांड्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, श्वाससुद्धा. गाणं संपलं. ती वळली.

"अहो... ऐकताय ना?"

एवढंच. कॅशियर स्पीकरकडे सरकला. त्याने तोंड उघडलं, पण दुसऱ्या स्पीकरमधून कोणीतरी आधीच बोललं. म्हातारा, समाधानी आवाज.

"ऐकतोय... ऐकतोय."

त्याने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. आणि त्यापुढे, आधी जिथे टेप कोरी होती तिथे, ती हसली.

तसं हसणं त्याने संसारात कधी ऐकलं नव्हतं.

वायर उपटून तो तडक दुकानात गेला आणि ती काउंटरवर टाकली. दुकानदाराने कारण विचारलं नाही. घरी येऊन कॅशियरने घंटीची वायर पुन्हा जोडली, कॅसेट लावली. घूंऽऽ आली. भांड्याचा आवाज आला. बाई नव्हती. गुणगुणणं नाही, प्रश्न नाही. कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकून झाल्या, आणि मग त्याला कळलं की ती वायर काय काय मुरवून घेते.

चपला न घालता तो धावला. नशीब, वायर काउंटरवरच होती. दुकानदार तिला हात न लावता दूर उभा होता.

"राहू द्या ना, साहेब," तो हळूच म्हणाला.

"माझी बायको आहे तिच्यात."

आता ती वायर दिवाणखान्यात कायम जोडलेली असते. कॅशियर रोज स्पीकरला कान लावून बसतो. प्रश्न आला की घाईघाईने "ऐकतोय" म्हणतो. अजून एकदाही पहिला नंबर लागलेला नाही. हल्ली तर ती दोघं कुजबुजतात, आणि तो आला की थांबतात.

बहिणीला वाटतं, दादाला वेड लागलं. लागलंही असेल. पण परवा झाडू मारताना तिने ती वायर बाजूला सारली. बोर्ड रात्रभर बंद होता, फरशी गार होती. वायर मात्र कोमट लागली, नुकतंच कोणी उठून गेलेल्या उशीसारखी.

दोन ठिकाणी. शेजारी शेजारी.