रविवारी नाहीशी झालेली चटई

सोसेफोच्या लेकीचं, लुपेचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. लग्नाला दोन महिने होते. रविवारी दुपारी लुपे चर्चमधून परतली आणि दारातच थबकली.

"बाबा, चटई कुठंय?"

कोपरा रिकामा होता.

हापाई बेटांवरच्या त्या गावच्या बायकांचा सगळा जीव त्या चटईत अडकला होता. दोन वर्षांपूर्वी बाहेरची एक कंपनी आली. बारीक विणीच्या चटया आमच्याकडे गुंतवा, वर्षात तिप्पट देऊ, म्हणाली. बायकांनी आईआजीच्या, सोन्यासारख्या जपलेल्या चटया काढून दिल्या. कंपनी पळाली. आता सरकार भरपाई देणार होतं. पण चटया गेल्या याचा पुरावा काय? पोलिसांना ऑकलंडच्या गोदामात एकच चटई सापडली. ती गोणपाटात शिवून गावप्रमुख सोसेफोकडे आली होती. मंगळवारी अधिकारी सगळ्यांसमोर शिवण उसवणार होता. विणणारीने आपली वीण ओळखली, की कंपनीने गावच्या चटया नेल्या हे ठरणार आणि सगळ्यांचे अर्ज मंजूर.

मेलीआमेला बोलावणं गेलं. ती पोलिसातून निवृत्त झाली होती. तिच्या आईचीही चटई गेली होती.

"तू घरीच होतास?" तिने सोसेफोला विचारलं.

"पाय सुजलाय. पडलो होतो. डोळा लागला."

"कुत्रा भुंकला?"

"नाही."

"भुंकेल कशाला," लुपे म्हणाली, "तो घरच्यांखेरीज सगळ्यांवर भुंकतो. पाद्रीबाबांवरसुद्धा."

पलंगाजवळ ताट होतं. चाटूनपुसून साफ.

"यात कोण जेवलं?"

"बाबाच की. डुकराचं मांस आणि नारळाच्या दुधातलं अळू झाकून ठेवलं होतं."

"डॉक्टरांनी मांस बंद केलंय ना?"

लुपेने वडिलांकडे पाहिलं. "मानाचा वाटा म्हणून ठेवावाच लागतो. आम्ही भावंडं तर त्याला शिवतही नाही. बापाच्या ताटातलं कोण खाईल?"

सोसेफोने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गोणपाट धक्क्यावरून कुणी आणलं?"

"फोलाउने, खांद्यावरून," लुपे म्हणाली. "कोपरा फाटला होता, चटईच्या किनारीची निळी लोकर दिसत होती."

फोलाउ म्हणजे सोसेफोच्या बहिणीचा, हिंगानोचा मुलगा. मेलीआमे तिच्याकडे गेली. हिंगानो सहा महिने अंथरुणाला खिळलेली.

"तुझी चटई गेली का गं कंपनीत?"

"मी कशाला देते! माळ्यावर आहे. निळ्या किनारीची. मेल्यावर तिच्यावरच निजवा मला, नाहीतर भूत होऊन छळीन."

मेलीआमे हसली नाही.

सोमवारी तिने सोसेफो आणि फोलाउला हिंगानोच्या ओसरीवर बसवलं. भाऊ बहिणीच्या खोलीत जात नाही, म्हणून ओसरी.

"परका आला असता तर कुत्रा भुंकला असता," मेलीआमे म्हणाली. "सोसेफोची मुलं बापाच्या ताटाला शिवत नाहीत. आपल्या रीतीप्रमाणे ते ताट हक्काने ओढून खाणारा एकच. बहिणीचा मुलगा. भूक लागली होती ना रे फोलाउ? लहानपणापासून खात आलास, तसाच खाल्लास. सवयीने हात गेला."

फोलाउने हात मांडीखाली सरकवला.

"चटई तू नेलीस, कारण निळी किनार ओळखलीस. उद्या शिवण उसवली की गावाने ती ओळखली असती आणि तुझ्या आईला कळलं असतं. तिची चटई माळ्यावर नाही. तिला न विचारता तूच कंपनीला दिलीस."

"तिप्पट देणार होते," फोलाउ पुटपुटला. "तिला ऑकलंडच्या दवाखान्यात न्यायचं होतं मला."

"सोसेफो, तू जागा होतास."

"होतो," म्हातारा म्हणाला. "भाच्याने मामाच्या घरातून काही नेलं तर त्याला चोरी म्हणतात का आपल्यात? मी कुठल्या तोंडाने विचारू?"

"आणि गावच्या बायका?"

सोसेफो रडू लागला. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. हिंगानोने सगळं ऐकलं होतं.

"फोलाउ," ती आतून म्हणाली, "उद्या मला उचलून ने. आणि चटई आण."

मंगळवारी शिवण उसवली. हिंगानोने किनारीवरून बोटं फिरवली.

"वीण माझी."

"कंपनीला कुणी दिली?" अधिकाऱ्याने विचारलं.

फोलाउने मान खाली घातली.

"मीच दिली," हिंगानो म्हणाली. "हावरट म्हातारी आहे मी. लिहा."

मेलीआमे उभ्या जन्मात खोट्या साक्षीपुढे गप्प बसली नव्हती. त्या दिवशी बसली.

सगळे अर्ज मंजूर झाले. चटई पुरावा म्हणून सरकारने राजधानीला, नुकुअलोफाला नेली, ती परत आलीच नाही. भरपाई नाताळात मिळाली.

हिंगानो त्याआधीच, ऑगस्टमध्ये, लुपेच्या लग्नानंतरच्या शुक्रवारी वारली. तिला उसन्या चटईवर निजवलं.