हळदीच्या पुडीतलं पान

“अरे थांब! तो कागद टाकू नकोस!”

मोरू एवढ्या जोरात ओरडला की दत्तारामच्या हातातले निम्मे फुटाणे बांधावर सांडले.

“काय रे! अख्ख्या एका पैशाचे होते!” दत्ताराम चिडला. तो दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून पोलादपूरजवळच्या या डोंगरवाडीत आला होता, आणि इथल्या सगळ्यांना शहाणं करून सोडायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं.

मोरूचं लक्षच नव्हतं. तो पुडीचा कागद मांडीवर सरळ करत होता. पेन्सिलीने लिहिलेली मोडी, आणि शेवटच्या ओळीखाली दोन आडव्या रेघा! अशा रेघा ओढणारा वाडीत एकच माणूस होऊन गेला होता. त्याचे आजोबा, मालोजी सुभेदार. गेल्या पावसाळ्यातच ते वारले होते.

“आजोबांची रोजनिशी आहे ही! बगदादकडची!”

महायुद्ध संपलं तरी इंग्रजांनी बगदादचा मुलूख काही सोडला नव्हता. तो ताब्यात ठेवायला पलटणी तिथेच बसवल्या होत्या. त्यांतल्याच एका पलटणीत सुभेदार होते.

वाडीतलीच आवडी त्यांच्यासोबत बांधावर बसली होती. ती हळूच म्हणाली, “मोरू, माझ्या दादाचं नाव आसंल काय रे त्यात?”

दत्तारामने फुटाणे वेचायचे सोडून तिच्याकडे पाहिलं. आवडीचा भाऊ सहदेव सुभेदारांच्याच पलटणीत होता. तो परत आलाच नाही. “पळाला,” एवढंच सुभेदार गावात येऊन म्हणाले. तेव्हापासून शिमग्याची पालखी आवडीच्या दारात थांबायची बंद झाली होती. उद्या तर चावडीपुढे लढाईच्या आठवणीचा दगड बसणार होता. महाडहून मामलेदार येणार होते. ‘या वाडीतून चौदा जण लढाईवर गेले’ असं दगडावर कोरलं होतं. सहदेव त्या चौदांत नव्हता.

तिघंही धावत सुटली ती थेट फुटाणे विकणाऱ्या येसाजीच्या दुकानात!

“चोरी नाय केली मी!” येसाजी उखडला. “तुझ्या बापानंच आज्याची ट्रंक रिकामी केलीन. म्हनला, ने ही रद्दी.”

“आणि तुम्ही फाडलीत?”

“मग काय पूजा करू? पुड्या कशात बांधू?”

दत्तारामने डोकं चालवलं. मुंबईहून आणलेल्या सामानाभोवतीची जुनी वर्तमानपत्रं त्याने आणून दिली आणि उरलेली पानं सोडवून घेतली. आधीच पुड्या होऊन गेलेल्या पानांसाठी घरोघर फिरावं लागलं. कुठे तंबाखूची पुडी, कुठे हिंगाची. एका म्हातारीने तर पुडी देण्याआधी तिघांकडून अंगण झाडून घेतलं!

भाताच्या उडवीआड बसून मोरू वाचू लागला. खेचरांचा चारा, पाण्याचे हाल, ताप. आणि मग एक पान त्याने डोळ्यांजवळ धरलं.

“‘आषाढ वद्य पंचमी. गाव पेटविण्याचा हुकूम झाला. गावात लढणारा कोणी नव्हता, बायका आणि म्हातारी माणसे होती. आम्ही पेटविला. निघताना सहदेव मागे वळला आणि...’ पुढचं पान नाही.”

“वाडीतल्या सगळ्या पुड्या झाल्या की!” दत्ताराम म्हणाला.

“आमच्या घरातली नाय झाली,” आवडी म्हणाली.

तिच्या घराचं मागचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. त्या दाराला कडी कधी लागतच नसे. ठकूबाई, आवडीची आई, शेतावर गेली होती. चुलीजवळच्या फळीवर हळदीची पुडी होती. आवडीने हळद वाटीत ओतली आणि पिवळा झालेला कागद मोरूपुढे धरला.

“‘...जळत्या घरात शिरला. आत एक आंधळी म्हातारी ओरडत होती. तिला त्याने दारापर्यंत आणून बाहेर ढकलले, तोच छप्पर बसले. मी थांबलो नाही. मागून गोळ्या येतील या भयाने पलटण हलविली. साहेबाने सहदेव पळाल्याचे लिहिले. मी सही केली. ठकूबाईस काय तोंड दाखवू?’”

खाली दोन आडव्या रेघा होत्या.

“दादा पळाला नाय!” आवडीने उडीच मारली. मग ती एकदम चुलीशी खाली बसली.

मोरू रडायच्या बेतात होता. ज्या आजोबांच्या मिशांचा त्याला केवढा अभिमान, ते आजोबा खोटं बोलले होते! समोर चुलीत सकाळचे निखारे अजून धगधगत होते. कागद आत टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. क्षणभर त्याच्या मनात तेच आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

“उद्या सगळ्यांसमोर वाचू,” तो म्हणाला. “काकीला केवढा मान मिळेल!”

दत्तारामने मान डोलावली. आईला स्वतः सांगायचा धीर आवडीला नव्हता; ती हळदीची वाटी झाकत राहिली.

संध्याकाळी दोघं पोरं मोरूच्या घरी असताना त्याचे वडील भागोजी तणतणत आले. येसाजीने चुगली केलीच होती.

“काय सापडलंय तुम्हाला? हिकडं आण! उद्या मामलेदार येनार, मला घरात तमाशा नको!”

दत्तारामने घाबरल्यासारखं तोंड केलं आणि एक पान पुढे केलं. भागोजींनी ते न वाचताच चुलीत घातलं. खेचरांच्या चाऱ्याचं होतं ते!

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे सगळी वाडी जमली. मामलेदारांसाठी आभाराचे चार शब्द मोरूने वाचायचे होते. तो उभा राहिला आणि खिशातून पिवळा कागद काढला. भागोजी पुढे सरसावले, पण मामलेदारांनी हात वर केला.

“वाचू द्या त्याला.”

मोरूने सगळं वाचलं. सहीचंसुद्धा. भागोजी खाली बघत होते.

“दगडावर पंधरा करायला सांगा,” मामलेदार म्हणाले. “बाळ, स्वतःच्या आजोबांविरुद्ध बोलायला छाती लागते. शाब्बास! तुम्ही तिघांनीही मोठं काम केलंत.”

लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ठकूबाईने हंबरडा फोडला.

“मेला? माझा सहदेव मेला?”

मोरूने कागद खाली घेतला.

“पळाला म्हनत होते ते बरं होतं रे! पळाला तर पळाला, कुठंतरी जित्ता हाय म्हनून मी जगत होते! गपचूप येईल, त्याला दार लावलेलं दिसाया नको...”

ते मागचं दार! मोरू कितीदा त्यातून आत गेला होता, पण त्याला कडी का लागत नाही हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“काकी, चुकलं माझं,” तो रडत म्हणाला. “आधी तुलाच सांगायला हवं होतं.”

ठकूबाईने पदराने तोंड पुसलं. मग तिने मोरूला जवळ ओढलं.

“तू कशाला रडतोस? तुझ्या आज्याच्यानं जे झालं नाय ते तू केलंस. तिथी कुठची म्हनलास?”

“आषाढ वद्य पंचमी.”

“पंचमी,” ती पुटपुटली. “पाच वर्सं पोराला कुनी पान वाढलं नाय.”

भागोजी पुढे आले आणि सगळ्या गावादेखत तिच्या पाया पडले. यंदा शिमग्याची पालखी आधी तिच्या दारात थांबेल, असं वाडीने तिथल्या तिथे ठरवलं.

दिवेलागणीला तिघंही ठकूबाईला घरी सोडायला गेली. ती मागच्या दाराशी गेली, जरा वेळ बाहेर बघत उभी राहिली आणि दार लोटलं. कडी गंजून घट्ट झाली होती. ती एकटीला लागेना. मग आवडी आणि मोरू दोघांनी जोर लावला.